बाजूचा की मागचा

नागपुरात मे महिन्यातल्या रात्री कूलरशिवाय बसता येत नाही. आमचा खेळ मोडला तो एका कूलरमुळे, असं मी वीसेक वर्षं सांगत आलो. आता तसं सांगवत नाही.

२००१ सालचा मे. महालात, गांधी गेटच्या आत, एका मित्राचं जुनं घर होतं. दुसऱ्या मजल्यावर लांबट खोली, खिडकीला पत्र्याचा कूलर, त्याला नुकत्याच बदललेल्या ताट्या, त्यांचा ओला वास. फरशीवर दोन ड्रॉइंग शीट सेलोटेपने जोडून अंथरलेल्या. त्यावर षटकोनांचं जाळं. बाजारात असा कागद मिळत नव्हता, म्हणून केमिस्ट्रीच्या तासाला बेन्झिन काढायचं जे प्लॅस्टिकचं स्टेन्सिल असतं, त्याने एकेक हेक्स, म्हणजे षटकोन, काढला होता. एक हेक्स म्हणजे एक यार्ड. आमची माणसं म्हणजे जुन्या लग्नपत्रिकांचे तुकडे. प्रत्येकावर बाण काढलेला, कारण माणसाचं तोंड कुठल्या हेक्सकडे आहे यावर त्याचं जगणं-मरणं ठरत होतं. घोडेस्वार म्हणून तान्ह्या पोळ्याचा छोटा लाकडी नंदी. बसलेले आम्ही पाच जण. चार इंजिनिअरिंगचे आणि एक मेडिकलचा, ज्याला पहिल्या वर्षापासूनच आम्ही डॉक्टर म्हणायचो.

खेळाचं नाव गर्प्स. जेनेरिक युनिव्हर्सल रोलप्लेइंग सिस्टिम या लांब नावाची आद्याक्षरं. अशा खेळात पट नसला तरी चालतं आणि कुणी जिंकत नाही. एक जण जीएम, म्हणजे गेम मास्टर, असतो. तो जग सांगतो, हवा सांगतो, समोरच्या माणसांच्या तोंडून बोलतो. बाकीचे एकेका माणसाची भूमिका घेऊन ‘मी आता हे करतो’ म्हणतात, आणि जमेल की नाही याची शंका असेल तिथे फासे टाकतात. जीएम मी होतो. काळ १८१६ चा, जागा रामटेककडे जाणाऱ्या वाटेवरचा एक नाला, समोर सात पेंढारी.

ती लढाई रात्री नऊला सुरू झाली आणि अडीचला संपली. खेळातल्या वेळेप्रमाणे ती चालली नऊ सेकंद.

यात अतिशयोक्ती नाही. गर्प्समध्ये लढाई सुरू झाली की एक फेरी म्हणजे एक सेकंद. चार आमचे, सात त्यांचे, म्हणजे दर सेकंदाला अकरा चाली. प्रत्येक चालीत आधी काय करायचं ते ठरवा: वार, निशाणा, वाट पाहणं, सगळं सोडून फक्त वार, सगळं सोडून फक्त बचाव. मग किती हेक्स सरकलात, वळलात का, शरीराच्या कुठल्या भागावर वार. मग तीन फासे. वार लागला तर समोरच्याचे तीन फासे: ढाल, तलवारीने अडवणं किंवा अंग चुकवणं. ते फसले तर इजेचे फासे. त्यातून चिलखत वजा. उरलेल्या इजेला हत्याराच्या जातीप्रमाणे गुणाकार: कापणाऱ्या पात्याला दीड, भोसकणाऱ्या टोकाला दोन, मर्मावर भोसकलं तर तीन. मग धक्का, मग कोसळणं, मग शुद्ध राहते का. आणि हे सगळं झालं की पुढच्याचा नंबर.

आम्हाला ते आवडायचं. मनापासून आवडायचं. वीस वर्षांच्या पोरांना एक सेकंद इतका खोल खणून पाहायला मिळणं ही मोठी गोष्ट होती. सिनेमात तलवारी नुसत्या खणखणतात. आमच्या ड्रॉइंग शीटवर, ढाल डाव्या हातात आहे म्हणून उजवीकडून येणाऱ्याला घाबरायचं असतं, हे आम्ही अंगाने शिकलो होतो.

आठव्या सेकंदाला नंदी हलला. घोड्यावरचा पेंढारी भाला रोखून डॉक्टरच्या माणसावर आला. तो माणूस हैबतराव, भोसल्यांकडचा शिलेदार. चौदा महिने डॉक्टरने त्याला जपला होता. त्याच्या वहीत हैबतरावच्या आईचं गाव लिहिलेलं होतं, घोड्याच्या खोडी लिहिलेल्या होत्या. आता नियम असा: हल्ला बाजूच्या हेक्समधून आला तर बचावाला दोन कमी. मागच्या हेक्समधून आला तर अडवता किंवा चुकवता येत नाही, म्हणून आमच्याकडे फासेच टाकायचे नाहीत. मी शीटकडे पाहिलं आणि म्हणालो, “मागून.”

“काहून? बाजूचा आहे तो.”

“बाण बघ ना बे.”

बाणाप्रमाणे मागचाच होता. पण डॉक्टरचं म्हणणं, तो तुकडा कूलरच्या हवेने सरकलाय, गेल्या चालीत बाण नाल्याकडे होता. होताही असेल. लग्नपत्रिकेचा कागद कितीही जाड असला तरी कूलरचा पूर्ण झोत अंगावर घेऊन पाच तास जागचा हलणार नाही, असं कोण म्हणेल? दोघं त्याच्या बाजूने बोलले, एक गप्प राहिला. मी पुस्तक उघडलं. नियम वाचून दाखवला. शीटवर जे दिसतं ते खरं, एवढंच मी धरून बसलो. इजा अकरा. चिलखताने दोन खाल्ले. उरले नऊ, मर्मावर म्हणून तिप्पट, सत्तावीस. हैबतरावचे जिवाचे गुण बारा. म्हणजे शून्याच्या खाली पंधरा, म्हणजे मरण टाळायला बारा किंवा कमी पडायला हवे. डॉक्टरने फासे टाकले. चौदा पडले.

त्याने वही बंद केली, चप्पल घातली आणि जिना उतरला. नवव्या सेकंदाची चाल आम्ही चौघांनी खेळून काढली. का काढली कोण जाणे. पुढच्या शनिवारी तो आला नाही, त्याच्या पुढच्या शनिवारी आणखी एक आला नाही. पुढे परीक्षा, मग कॅम्पस, मग पुणे-बंगलोर.

हाच खेळ आमच्या हाती कसा लागला ते सांगायला हवं, कारण त्यात नागपूरचा भाग आहे. या प्रकारातला पहिला आणि सगळ्यात प्रसिद्ध खेळ डंजन्स अँड ड्रॅगन्स, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा, १९७४ चा. त्याला चार पैलूंपासून वीस पैलूंपर्यंतचे फासे लागतात. तेव्हा सीताबर्डीवर तुम्ही वीस पैलूंचा फासा मागितला असता तर दुकानदाराने चार वेळा विचारलं असतं, काय म्हणता? गर्प्सला मात्र साधे सहा पैलूंचे तीन फासे पुरतात. ते लुडोच्या डब्यात होते. माझ्या मावसभावाने अमेरिकेतून येताना गर्प्सच्या तिसऱ्या आवृत्तीचं पुस्तक आणलं, आणि आमच्याकडे फासे आधीच होते.

तीन फाशांचं एक वेगळं सुख आहे. एकट्या वीस पैलूंच्या फाशावर प्रत्येक आकडा सारख्याच वेळा येतो. तीन साध्या फाशांची बेरीज मधे दाटते. २१६ शक्यतांपैकी ३ फक्त एकदा येतो, १८ फक्त एकदा, आणि १० किंवा कमी बरोबर अर्ध्या वेळा. तुमचं कसब १० असेल तर १० किंवा कमी पडलं की जमतं, म्हणजे निम्म्या वेळा. ११ केलंत की एकदम साडेबासष्ट टक्के. १४ ला नव्वदच्या पुढे. म्हणजे शिकाऊ माणूस थोडंसं शिकला तरी त्याचं नशीब पालटतं, आणि मुरलेला कारागीर क्वचितच चुकतो. इतवारीत सोन्याचं काम करणारा माणूस रोजच्या रोज फाशावर जगत नसतो. त्याचा हात बसलेला असतो. हे या तीन फाशांना कळतं, म्हणून मला हा खेळ बाकीच्यांपेक्षा खरा वाटत आला.

लढाईचा एवढा पसारा कुठून आला तेही या घराण्याच्या इतिहासात आहे. हे सगळे खेळ युद्धपटावरच्या खेळांच्या पोटातून निघाले. गर्प्सचे कर्ते स्टीव्ह जॅक्सन यांचं सुरुवातीचं काम १९७७ चा ‘मेली’ हा छोटा खेळ: हेक्सचा आखाडा, दोन-चार लढवय्ये, समोरासमोर झुंज, बस. भोवतीचं जग नंतर आलं. गर्प्स १९८६ ला निघाला तेव्हा त्याच्या गाभ्यात तो आखाडा होताच. १ मार्च १९९० ला अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसने त्यांच्या टेक्सासमधल्या कचेरीवर छापा घातला आणि सायबरपंकच्या पुस्तकाचं हस्तलिखित असलेले कॉम्प्युटर उचलून नेले, ही गोष्ट आम्ही कँटीनमध्ये इतरांना तऱ्हेतऱ्हेने सांगायचो. आमच्या खेळाला सरकार घाबरलं होतं, याचा आम्हाला अभिमान होता.

पण एक गोष्ट मात्र आम्ही कुणाला सांगितली नाही, कारण तिच्याकडे आमचं लक्षच नव्हतं. त्या तिसऱ्या आवृत्तीत लढाईची दोन प्रकरणं होती. आधी ‘बेसिक कॉम्बॅट’, मग ‘अ‍ॅडव्हान्स्ड कॉम्बॅट’. पहिल्यात हेक्स नाहीत, तोंड कुठे ते नाही. ते प्रकरण आम्ही एकदा वाचून मागे टाकलं. आपण इंजिनिअरिंगला, आपण अ‍ॅडव्हान्स्डच खेळणार.

मी नागपूरला कायमचा परत आलो. महालातला मित्र इथेच होता. तिसरा मित्र वकील, धंतोलीत. गेल्या दिवाळीत फराळाला जमलो असताना जुनी खोकी निघाली, त्यात स्पायरल बाइंडिंगची वही, आणि ती ड्रॉइंग शीट, चारदा घडी घातलेली. ताईची मुलगी अकरावीत आहे. ती शेजारी बसून पाहत होती. “मामा, हे कसं खेळतात?” तिने विचारलं आणि भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आम्ही चौघं टेबलाशी बसलो. दरम्यान चौथी आवृत्ती आलेली होती, २००४ चीच, दोन जाड भाग. ती मी आधीच मागवून ठेवली होती, कपाटात नुसती होती.

आम्ही जसं सोडलं होतं तसंच पुन्हा बसलो. फ्लेक्स छापणाऱ्याकडून हेक्सचं चार फुटी कापड छापून घेतलं, सुरेख झालं. एक साधी चकमक ठेवली, तीन भामटे आणि हे तिघं. दोन तासांत चार सेकंद झाले. वकील प्रत्येक चालीला पुस्तक मागत होता, मी तक्ते शोधत होतो, चौथ्या आवृत्तीत चिलखतामुळे बचावात मिळणारी जुनी भर, ‘पॅसिव्ह डिफेन्स’, काढून सगळ्यांच्या बचावात सरसकट तीन मिळवलेत, हे मला मधेच आठवलं आणि मागचे दोन बचाव पुन्हा मोजावे लागले. भाचीने सांबारवडीचे तुकडे करत शांतपणे सगळं ऐकलं. मग म्हणाली, “मामा, चार सेकंद झाले ना? त्यातले तीन सेकंद मी फक्त धावत होते.”

ती चिडली नव्हती. खेळ तिला आवडला होता, तिने बनवलेली मुलगी तिला फार आवडली होती: महालात पाणी भरणारी, वाड्यातल्या सगळ्या दारांचे आवाज ओळखणारी. पण त्या मुलीला दारांचे आवाज ओळखायची वेळच आली नाही. ती दोन तास एका फ्लेक्सवर धावत होती.

त्या रात्री मी नवं पुस्तक घेऊन बसलो आणि पहिल्यांदा नीट पाहिलं. इथेही तेच. लढाईचं प्रकरण वेगळं, हेक्सच्या डावपेचांचं प्रकरण त्याच्या पुढे, वेगळं. याच खेळाची ‘लाइट’ नावाची बत्तीस पानी आवृत्ती फुकट मिळते, तिच्यातही हेक्स नाहीत. सोपा रस्ता नेहमीच तिथे होता. खेळ बदलायची गरज नव्हती, आपण त्यातलं काय उचलतो तेवढं बदलायचं होतं. आजूबाजूचे बरेच जण सल्ला देतात की एवढा जड खेळ सोडा, हलका घ्या, आता ढीगभर आहेत. मला तो सल्ला पटत नाही. भाचीची पाणी भरणारी मुलगी इतकी नेमकी झाली ती याच खेळात, कारण इथे ‘कान तीक्ष्ण’ याला वेगळे गुण द्यावे लागतात, ‘गरिबी’ला वेगळे, ‘राजवाड्यात कुणी लक्ष देत नाही’ याला वेगळे. ते जड आहे आणि ते मला हवं आहे. मला नको होता तो फक्त ताणलेला सेकंद.

म्हणून आम्ही हे ठरवलं. हेक्स नाहीत. कापड गुंडाळून कपाटावर. कोण कुठे आहे ते मी तोंडाने सांगणार: दाराशी, जिन्यावर, विहिरीच्या पलीकडे. शरीराचा भाग निवडायचा तर खेळणाऱ्याने स्वतः म्हणायचं, नाहीतर वार धडावर. धक्का नाही, थकवा मोजायचा नाही, किलोच्या हिशेबाने ओझं नाही. किरकोळ शत्रूला एक खरी जखम झाली की तो लढाईतून गेला. असा ऐच्छिक नियम पुस्तकात आहेच, आम्ही तो नेहमीचा केला. बंदूक एका चकमकीत एकदाच. ठासणीची बंदूक भरेपर्यंत एरवीही लढाई संपलेली असते, म्हणून हे सोपं करूनही खोटं होत नाही.

एकच गोष्ट हातची सोडली नाही. बचावाचे फासे. ज्याच्यावर वार येतोय त्याने स्वतः फासे टाकायचे. पुष्कळ सोप्या खेळांत हल्ला करणाराच फासे टाकतो, लागला तर लागला, आणि ज्याला लागलं तो नुसता ऐकतो. मला ते सहन होत नाही. कुणी तुमच्या डोक्यावर तलवार उगारली असताना तुमच्या हातात काहीतरी असलं पाहिजे. तीन फासे का होईना. हैबतरावच्या त्या आठव्या सेकंदाचं माझ्या मनात जे राहिलं ते त्याचं मरण नाही. डॉक्टरच्या हातात तेव्हा फासे नव्हते, ते राहिलं.

नव्या पद्धतीने पहिली चकमक वीस मिनिटांत झाली. रात्रीची वेळ, वाड्याच्या मागच्या दाराशी दोन पहारेकरी. भाचीने दाराचा आवाज ओळखला, तिसरा माणूस आत आहे हे तिला कळलं, आणि सगळी चकमक त्या एका आवाजावर फिरली. फासे एकूण बारा-तेरा वेळा पडले असतील. उरलेले तीन तास आम्ही ज्यासाठी हा काळ निवडला होता त्यात घालवले. मार्च १८१६ मध्ये नागपूरचे दुसरे रघुजी भोसले वारलेले, गादीवर त्यांचा आजारी मुलगा परसोजी, कारभार परसोजींचे चुलतभाऊ आप्पासाहेब यांच्या हातात, रेसिडेन्सीत इंग्रजांचा रेसिडेंट जेंकिन्स, इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह. आणि १८१७ च्या फेब्रुवारीत परसोजींचा खून. महालातल्या प्रत्येक दारामागे कुणीतरी कान लावून उभं. २००१ मध्ये आम्ही याच वर्षांत खेळत होतो आणि चौदा महिन्यांत एकदाही राजवाड्यात शिरलो नव्हतो. सगळा वेळ नाल्यांवर, वाटांवर, पेंढाऱ्यांशी.

आता हे लिहिताना मला एका गोष्टीशी थांबावं लागतं. हेक्स गेले म्हणजे नेमकं काय गेलं?

शीटवर तुकडा कुठे आहे ते पाचही जणांना दिसतं. त्यात माझं मत चालत नाही. हेक्स काढून टाकले की ‘तो तुझ्या मागून येऊन राहिला’ हे वाक्य माझं होतं, फक्त माझं. माझ्या शब्दाशिवाय त्याला काहीही आधार नसतो. म्हणजे नियम सोपे झाले ते खेळणाऱ्यांसाठी. जीएमवरचा भार उलट वाढला, आणि खेळणाऱ्यांना माझ्यावर जास्त भरवसा टाकावा लागला. विशीत आमच्यात तो भरवसा नव्हता. आम्ही चांगले मित्र होतो, एकमेकांच्या घरी जेवत होतो, पण आपला मित्र आपल्या माणसाला न्यायाने मारेल यावर विश्वास नव्हता. म्हणून आम्हाला इतके तक्ते लागले. माझाही माझ्यावर नव्हता. मी त्या रात्री पुस्तक उघडलं ते डॉक्टरला नियम दाखवायला नाही. निर्णय माझ्या अंगावर येऊ नये म्हणून. ‘मी मारला नाही, पुस्तकाने मारला’ असं मला म्हणता यावं म्हणून. बाण सरकला असेल हे मला दिसत होतं. ‘चल, बाजूचा धरू’ एवढे शब्द पुरले असते.

कूलरचं नाव मी घेत राहिलो ते त्यामुळे.

सोप्या पद्धतीने काही गमावलं का? हो. सेकंदाची भीती गेली. पूर्वी बंदूकवाला निशाणा धरून एक सेकंद थांबायचा, आणखी एक सेकंद थांबायचा, आणि त्या दोन सेकंदांत समोरून कुणीतरी धावत येत असायचं. अख्खी खोली गप्प होऊन ते पाहायची. तशी शांतता आता येत नाही. जिना, अरुंद बोळ, छत अशा जागांची जी पक्की जाणीव हेक्सवर यायची ती शब्दांत तितकी येत नाही, मी कितीही नीट सांगितलं तरी. म्हणून आम्ही एक सवलत ठेवली: दोघांचीच झुंज असेल आणि दोघांनाही जिवाची असेल, तर कापड उतरवायचं आणि सेकंद सेकंद खेळायचं. सहा महिन्यांत एकदाच उतरवलं. वकिलाचा माणूस आणि एक अरब जमादार, सात सेकंद, पाऊण तास. त्या पाऊण तासात भाचीने फोन पालथा ठेवला होता.

१ मे ला तिला घेऊन सीताबर्डीचा किल्ला पाहायला गेलो. तो लष्कराच्या ताब्यात आहे, सामान्य लोकांना बरीच वर्षं वर्षातून तीनच दिवस उघडा असायचा: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट. ऊन मी म्हणत होतं. वर उभं राहिल्यावर तिने पहिला प्रश्न केला तो जागेचा: मोठी टेकडी ही, तर छोटी कुठली, आणि आप्पासाहेबांचे लोक महालाकडून आले म्हणजे कुठून? मी पूर्वेकडे हात केला. २६ नोव्हेंबर १८१७ च्या संध्याकाळी इथे आप्पासाहेबांची इंग्रजांशी लढाई जुंपली, तोफा सुरू झाल्या आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चालल्या. भोसल्यांकडच्या अरबांनी सकाळी छोटी टेकडी घेतलीही होती. ती पुन्हा गेली. महिन्याच्या आत, १६ डिसेंबरला आप्पासाहेब इंग्रजांच्या स्वाधीन झाले. अरब तरीही शहरात चिवटपणे लढत राहिले, जुम्मा दरवाजाशी त्यांनी इंग्रजांचा हल्ला परतवला. तो जुम्मा दरवाजा म्हणजे आजचं गांधी गेट. आमची खोली त्याच्या आतच होती. २००१ मध्ये आम्ही त्या गेटखालून रोज सायकली काढत होतो.

“मग आपली माणसं त्या दिवशी कुठे असतील?” भाचीने विचारलं. मी म्हटलं, ते तुम्ही ठरवायचं. ती घरी येईपर्यंत गप्प होती.

डॉक्टरला मी त्याच आठवड्यात फोन केला. मधल्या वर्षांत आम्ही भेटलो नव्हतो असं नाही. लग्नांत भेटलो, माझे वडील गेले तेव्हा तो रात्रभर थांबला होता. पण तो विषय दोघांनीही कधी काढला नाही. मी म्हणालो, शनिवारी ये, आम्ही पुन्हा बसून राहिलो. त्याने विचारलं, “हेक्सवर?” मी म्हटलं, नाही.

तो आला, दवाखाना आटोपून, साडेआठला. भाचीशी ओळख झाली. त्याने नव्या पुस्तकाची पानं चाळली, मग खोक्यातून जुनी ड्रॉइंग शीट काढली आणि टेबलावर पसरली. घड्यांवर सेलोटेप पिवळा होऊन निघाला होता. नाला निळ्या पेन्सिलीने रंगवलेला. तुकडे कुठेच नव्हते, पण हैबतराव जिथे होता तिथे कुणीतरी तेव्हा पेनने छोटी फुली मारलेली आहे. कुणी मारली मला आठवत नाही.

“बाजूचा होता,” तो म्हणाला.

“हाव,” मी म्हटलं. “बाजूचा होता.”

त्याने त्यावर काही म्हटलं नाही. भाचीने तीन फासे त्याच्यापुढे सरकवले. तिला सगळी गोष्ट माहीत होती, मीच सांगितली होती. “काका, किती लागतील?”

त्याला आठवत होतं. ढालीचा बचाव नऊ, बाजूने आला म्हणून दोन वजा, सात. सात किंवा कमी, म्हणजे शंभरात सोळा वेळा. त्याने फासे दोन्ही हातांत धरून बराच वेळ हलवले. मग त्या शीटवरच टाकले, नाल्याच्या अलीकडे.

चार, पाच, दोन. अकरा.

“मेलाच असता,” डॉक्टर म्हणाला. त्याने फासे उचलून एकेक करून भाचीला परत दिले, शीटची घडी घातली, आणि कोरी कॅरॅक्टर शीट मागितली. नाव लिहायच्या जागी थोडा थांबला. हैबतरावचा धाकटा भाऊ असू शकतो का, असं त्याने विचारलं. आईचं गाव त्याला अजून पाठ होतं.